सोमवार-गुरुवारचं मलम

आधीच सांगते, हे वाचताना ज्यांना लाज वाटेल त्यांनी खुशाल वाटू द्यावी. माझ्या वाट्याची लाज मी आठ वर्षं सांभाळली आहे, आणि तिचा काडीचा उपयोग होत नाही हे आता खात्रीने सांगू शकते.

मी कुरुंद्याची. घरी हळदीचं शेत, आणि मी गावात अंगणवाडी सेविका. दर महिन्याला बायांच्या बैठकीत मी तक्ता धरून उभी राहायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, की बायांनो, आजार अंगावर काढू नका, लाज सोडा, वेळेवर डॉक्टरला दाखवा. हे सांगताना साडीच्या आत माझ्या मांड्या एकमेकींवर आवळलेल्या असायच्या. खाज अशी सुटायची की तक्त्यावरच्या एका गरोदर बाईच्या मला दोन दिसायच्या. बाया म्हणायच्या, ताई किती तळमळीने बोलतात.

खाली

आमच्याकडे हळदीच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. जेठा गड्डा वेगळा, बगल गड्डा वेगळा, हळकुंड वेगळं. बाईच्या त्या जागेला मात्र एकच शब्द, ‘खाली’. पाळी खाली, लघवीची जळजळ खाली, बाळंतपणाचे टाकेही खालीच. त्यामुळे मी मेडिकलच्या दुकानात हळू आवाजात ‘खाली खाजवतं’ म्हटलं, तर दुकानदाराने पायाच्या बोटांत चिखल्या होतात त्याची ट्यूब दिली. दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून मी काही बोलले नाही. निमूट घेतली. इथपर्यंत कोणीही मला माफ करील. पण घरी येऊन मी ती लावली, त्याला माफी नाही.

मग एक दिवस आरशात पाहिलं. पन्नाशीला आलेली बाई न्हाणीघरात आरसा घेऊन कशी बसली होती, ते चित्र तुमच्यावर सोडते. कातडी पांढरी पडली होती, कागदासारखी पातळ. मला वाटलं, कोड. त्या वर्षी लेकीची सोयरीक चालली होती. आईला कोड आहे हे बाहेर गेलं तर पोरीचं जमलेलं मोडेल, या भीतीने मी तोंड शिवून घेतलं. लग्न झालं, पोरगी नांदायला गेली, आणि मग एके दिवशी लघवीला बसताना ती कातडी अशी चिरली की मी न्हाणीची भिंत दोन्ही हातांनी धरली. मालकांना सांगितलं, दात दाखवायला नांदेडला जाते.

ज्या दिवशी नाव कळलं

नांदेडला कातडीच्या डॉक्टर एक मॅडम होत्या. त्यांनी पाहिलं, हातमोजे काढले, आणि नाव सांगितलं, लायकेन स्क्लेरोसस. मला वाटलं परदेशातला कोणी पाहुणा आलाय. मी एकच विचारलं, कोड आहे का? नाही म्हणाल्या. कोणाला लागतो का? नाही. माझ्या हातून काही पाप? त्या हसल्या. म्हणाल्या, तसा तपास आमच्याकडे होत नाही.

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. हा आजार मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. मलम आहे, ते आधी रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, आयुष्यभर लावायचं. आणि वर्षातून दोनदा येऊन दाखवायचं, कारण क्वचित एखादीच्या बाबतीत त्या जागेला पुढे वाईट वळण लागू शकतं. त्यांनी ‘क्वचित’वर जोर दिला होता. मी घरी आणलं ते ‘वाईट वळण’ तेवढंच.

मलमाने दोन महिन्यांत मी माणसात आले. विसरू नये म्हणून सोमवार आणि गुरुवार असे वार धरले. ट्यूब दोऱ्याच्या डब्यात लपवली, कारण आमच्या घरी मीच एकटी शिवते. असे काही महिने बरे गेले आणि मला शहाणपण सुचलं. ट्यूबच्या कागदावर ‘स्टिरॉइड’ हा शब्द वाचला आणि आपल्याच मनाने गुरुवार सोडला. मग सोमवारही अधूनमधून. मॅडमकडे जाणंही बंद केलं. बरं वाटतंय तर कशाला?

पिशवीचं ऑपरेशन

मागच्या दिवाळीनंतर गर्भाची पिशवी खाली उतरल्याचं निघालं. ती खालच्याच वाटेने काढून आतून टाके घालायचे ठरलं. भरती झाल्यावर एक तरुण डॉक्टर कागद घेऊन खाटेपाशी आला. शुगर आहे का, बीपी, दमा? कातडीचा वगैरे दुसरा काही आजार, कसलं मलम चालू आहे?

हो, त्याने मलमाचंही विचारलं होतं. पण खाटेच्या एका बाजूला मालक उभे, दुसऱ्या बाजूला सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. शेजारच्या खाटेवर पुसेगावच्या एक मावशी आणि त्यांना भेटायला आलेलं निम्मं पुसेगाव. सगळे माझ्या उत्तराकडे कान लावून. मी म्हटलं, काही नाही, एकदम ठणठणीत. जी बाई पिशवी काढून घ्यायला आली आहे तिने स्वतःला ठणठणीत म्हणावं, हे त्या पोरालाही गमतीचं वाटलं असावं. पण त्याने लिहून घेतलं. आणि ज्या ट्यूबची तेव्हा सगळ्यात जास्त गरज होती, ती घरी दोऱ्याच्या डब्यात.

ऑपरेशन चांगलं झालं. ते डॉक्टर भले गृहस्थ होते, त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. वॉर्डातले दिवसही वाईट नव्हते. पहाटेच सिस्टर येऊन सगळ्यांना उठवायच्या आणि मग म्हणायच्या, आराम करा. लघवीच्या पिशवीचं माप लिहायचं काम मालकांकडे होतं. ते हळदीच्या काट्यावर उभं राहिल्यासारखे डोळे बारीक करून माप बघायचे, आणि आकडा वाढला की सगळ्या वॉर्डाला आनंदाने सांगायचे. पुसेगावच्या मावशींनी, स्वतःला सलाईन लागलेलं असताना, दुसऱ्या हाताने माझी वेणी घातली. ती वाकडी होती. पण तशी वेणी मला आईनंतर कोणी घातली नव्हती.

जी फट भरेना

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात आतले टाके शांत झाले आणि बाहेरची कातडी पेटली. जुनी खाज दुप्पट होऊन परतली. मी काय करावं? दोऱ्याचा डबा उघडून मलम लावावं, नाहीतर मॅडमना फोन करावा. मी यातलं काहीच केलं नाही. टाक्यांवर स्टिरॉइड लागलं तर टाके उसवतील, हे मी कुणालाही न विचारता ठरवलं. आणि दिवसातून तीनदा कढत पाण्यात सॅव्हलॉन ओतून धुवायला लागले. स्वच्छता महत्त्वाची, असं तक्त्यावर लिहिलेलंच होतं.

मागच्या बाजूला कातडीत एक फट पडली. आठवडा गेला, दोन गेले, ती भरेना. बसताना आधी एक बाजू टेकवायची, मग श्वास धरून दुसरी. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. मी मालकांना म्हटलं, फोनवर विचारलं, येऊ नका म्हणाले. हे साफ खोटं होतं. रात्रंदिवस डोक्यात एकच, वाईट वळण. लागलंय का, हे बघायला गेलं तरच कळणार होतं. आणि कळू नये म्हणून मी जाणार नव्हते. गावाला शहाणपण शिकवणाऱ्या बाईचा हा हिशेब होता.

मग हळद.

आमच्या घरी जखमेला आधी हळद लागते आणि मग विचारपूस होते, कुठं पडलास म्हणून. मी बरणीतून वाटीत हळद घेत होते तेव्हा आत्याबाई तिथंच लसूण सोलत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, बोलणं थोडं आणि नजर घारीची. त्यांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, बोट कापलंय. दाखव म्हणाल्या. मी म्हटलं, बारीक आहे, दिसणार नाही. त्या मान खाली घालून परत सोलायला लागल्या.

“टाक्याला लावू नको बरं. बाळंतीण बाई बी तिथं हळद लावत न्हाई. आग व्हती.”

सासूचं जुनं ज्ञान आणि मी शिकलेली, म्हणून मी हसून सोडून दिलं. खोबरेल तेलात हळद कालवून लावली. पुढची पंधरा मिनिटं मी न्हाणीत जे काही केलं त्याला नाच म्हणता येईल. आणि तरीही, आग होतेय म्हणजे औषध काम करतंय असं म्हणत, तीन दिवस लावत राहिले.

लाल कापड

चौथ्या दिवशी सकाळी अंगाखालचं सुती कापड न्हाणीत धुवायला घेतलं. साबण लावला, चोळलं, आणि माझ्या हातात कापड लालभडक झालं.

मी ओरडले. आत्याबाई दारात आल्या. मी भिंतीला टेकले होते, त्यांनी माझ्या हातातून कापड घेतलं. उजेडाकडे धरून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग वळून अंगणात गेल्या आणि एवढ्या मोठ्याने हाक मारली की हौदावर मोटार चालू करणारे मालक तसेच ओल्या पायांनी धावत आले.

“किसना, गाडी काढ. सुमनचं रगत थांबून न्हाई राहिलं.”

मला मोटारसायकलवर बसता येत नव्हतं. मालकांनी पिकअप काढली, मागे रिकाम्या पोत्यांचा ढीग घातला, त्यावर मला आडवं केलं. आत्याबाई माझ्या उशाला बसल्या. ते कापड त्यांनी पिशवीत घालून सोबत घेतलं होतं, डॉक्टरला दाखवायला म्हणून. वसमत मागे पडलं तेव्हा माझी खात्री झाली की आता मी काही परत येत नाही. मरणाऱ्याला लाज नसते. मी सगळं सांगून टाकलं. खाज, आरसा, कोडाची भीती, दाताचं निमित्त, दोऱ्याच्या डब्यातली ट्यूब, फट, हळद. मालक पुढे गाडी चालवत होते, वाऱ्यात त्यांना काही ऐकू येत नव्हतं. ऐकत होत्या फक्त आत्याबाई.

त्यांनी विचारलं, “किती वर्सं?”

“आठ.”

खड्डा आला की माझ्या डोक्याखाली हात घालायच्या, गेला की काढून घ्यायच्या. नांदेडपर्यंत तेवढंच.

मॅडमसमोर

मॅडमनी मला ओळखलं. टेबलावर घेतलं, दिवा ओढला आणि म्हणाल्या, रक्त कुठंय? ओल्या कापसाने पुसलं, कापूस पिवळा. आत्याबाईंनी पिशवीतलं कापड काढून दिलं. मॅडम ते उलटसुलट करून बघत होत्या. तेवढ्यात बाजूच्या सिस्टर, ज्या वसमतकडच्याच होत्या, तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, “मॅडम, हळद आहे ही. साबणाने लाल झाली.”

हळद साबणाने लाल होते. आमच्या गावात हे पाळण्यातल्या लेकराला माहीत आहे. हंगामात आमच्या दोरीवर वाळणाऱ्या एकूण एक कपड्यावर तसले लाल डाग असतात. आयुष्यभर ते डाग धुतलेली बाई मी, आणि स्वतःच्या हाताने लावलेल्या हळदीला रक्त समजून वीसेक कोस पोत्यांवर निजून आले होते. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या छताचा पंखा बघत होत्या.

मॅडम मनसोक्त हसल्या. मग परत दिव्याखाली वाकल्या आणि हसू गेलं. म्हणाल्या, रक्त नाही हे बरंच झालं, पण ही फट मला आवडलेली नाही. एवढे दिवस न भरणारी जागा तपासावी लागते, बारीक तुकडा काढून पाठवू. मग विचारलं, ऑपरेशनच्या आधी त्यांना सांगितलं का नाही? मी म्हटलं, विचारलं नाही त्यांनी. जीभ अजून सवयीने खोटं बोलत होती. मग म्हटलं, विचारलं होतं मॅडम. मीच ठणठणीत म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मलम सुटलेलं, त्यात ऑपरेशन, लघवीची नळी, वरून सॅव्हलॉन, अशा कातडीला भडकायला एवढं पुष्कळ झालं. तिथूनच त्यांनी ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांनी मिळून ठरवलं, मलम आजपासून परत सुरू. टाके उसवणार नव्हते. माझं ते संशोधनही वाया गेलं.

वाट बघण्याचे दिवस

मालकांना त्या दिवशी सगळं कळलं. घरी आल्यावर बैलाला वैरण टाकली, हातपाय धुतले, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसले. गेली काही वर्षं मी आतल्या खोलीत आत्याबाईंजवळ झोपत होते. त्यांच्या गुडघ्यांना रात्री चोळून द्यावं लागतं, असं मी सांगितलेलं. मालकांनी ते मान्य केलं होतं, कधी चकार शब्द काढला नाही.

“मला वाटलं, मी नको झालो तुला,” ते म्हणाले. “काहून नाही सांगितलं?”

आजाराने मला जेवढं सतावलं, त्याहून जास्त मी गप्प राहून त्यांना सतावलं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. या लेखात माझ्या ज्या चुकांवर मी हसते आहे त्यांत ही धरू नका.

दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलची जुनी ट्यूब घेऊन आले. पंक्चर काढलं, हवा भरली, वर माझ्याच साडीचा तुकडा गुंडाळला आणि म्हणाले, बैस यावर, मधी पोकळ हाय. त्या आसनावर मी अंड्यावरच्या कोंबडीसारखी बसायची. बसताना ते दर वेळी वेगळा आवाज काढायचं. पाहुणे आले की मी उभ्यानेच चहा द्यायची.

रिपोर्ट आणायला मालक एकटे गेले. मी दारात उभी. गाडी आली, ते उतरले, आणि हौदावर जाऊन पाय धुवायला लागले. एक पाय धुतला, दुसरा धुतला, परत पहिला घेतला. मग आले, माझ्या त्या ट्यूबवर बसले, आणि ट्यूबने आजवरचा सगळ्यात मोठा आवाज काढला.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. “वाईट काय न्हाई निघालं. तोच जुना आजार हाय.”

तोच जुना आजार. या शब्दांनी कोणाला एवढा आनंद झाला असेल असं मला वाटत नाही. आधी आत्याबाई हसल्या, ट्यूबच्या आवाजाला, मग आम्ही दोघं. हसता हसता मालकांनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, धूळ लई हाय रस्त्याला.

सध्या

फट भरायला तीन महिने लागले. आता मलम परत आठवड्यातून दोनदा आहे. किती लावायचं ते मॅडमनी माझ्या बोटावर काढून दाखवलं. तुमचं माप तुमच्या डॉक्टरकडून घ्या, माझ्याकडून घेऊ नका, माझा इतिहास तुम्ही वाचलाच आहे. साबण, सॅव्हलॉन सगळं बंद, नुसतं पाणी. सुती कपडे. वर्षातून दोनदा नांदेड, आणि दातांचं नाव न सांगता. कधी परत खाज येते, मग मी घाबरते, मग फोन करते. पूर्वी मधली पायरी झाली की मी थांबायची. मलमाची ट्यूब आता देवळीत कंगव्याशेजारी असते. सोमवारी आणि गुरुवारी मालक बाहेर जाताना विचारतात, वार कोणता आज? आणि मी आतल्या खोलीत झोपत नाही, एवढं लिहिलं तरी पुरे.

फाल्गुनात हळद शिजवायचे दिवस आले. अंगणात कढया, वाफ, सगळं घर पिवळं. त्या महिन्याच्या बैठकीत मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि बायांना लाल कापडाची गोष्ट सांगितली. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. बैठक संपल्यावर दोघी मागे थांबल्या, हसत नव्हत्या. त्यांना मी मॅडमचा पत्ता लिहून दिला.

घरी आले तेव्हा आत्याबाई शिजलेल्या हळदीतून गड्डे निवडत होत्या. मी शेजारी बसले, ट्यूबशिवाय, सरळ जमिनीवर. म्हटलं, आत्याबाई, आपण दोघी किती येड्या. हळदीच्या घरात राहून आपल्याला हळद ओळखू आली नाही.

त्यांनी एक गड्डा उचलून बाजूला टाकला.

“दोघी काहून म्हणतीस? मला न्हाणीच्या दारातच कळलं व्हतं. साठ वर्सं या घरचे कपडे धुतले म्या.”

मी म्हटलं, “मग रगत म्हणून वरडल्या कशाला?”

“महिनाभर बघून राहिले व्हते. तू बसायच्या आधी जमिनीकडं असं बघायचीस, जसा पेटता इंगळच ठिवलाय तिथं. इचारलं तर बोट कापलंय म्हणायचीस.” त्यांनी पुढचा गड्डा हातात घेतला, माती चोळून काढली. “हळद हाय म्हणले असते, तर तू ते कापड पिळून दोरीवर वाळू घातलं असतंस.”

घातलं असतं. पिळून, झटकून, चिमटा लावून घातलं असतं.

मी त्यांचा पिवळाधमक हात हातात घेतला, तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि परत निवडायला लागल्या.

“ऊठ आता,” त्या म्हणाल्या. “गुरुवार हाय आज.”